सगळीकडे थोरवेबाई

"आप्पासाहेब हरले," जांभळे सर म्हणाले आणि टेबलावरचा माझा पाण्याचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला.

सरांच्या पांढऱ्या शर्टावर गुलाल होता. वाटेत मिरवणुकीने धरून फासला असणार, कारण त्यांचा चेहरा मयताहून आल्यासारखा होता.

"मग बरंच झालं की, सर. थोरवेबाई आल्या. आमच्या गल्लीत पेढे वाटतायत."

"तुला पेढे दिसतात, आस्मा. मला पावत्या दिसतात."

पावत्या म्हटल्यावर माझा घास हातातच राहिला. मी डब्याला झाकण लावलं.

आमची कंपनी म्हणजे बसस्टँडमागे पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. खाली गिरणीची घरघर, वर आमच्या प्रिंटरची. मोठं गिऱ्हाईक एकच, तालुक्याचा साखर कारखाना. त्याचं नाव सांगत नाही, अजून तिथे माझं येणं-जाणं आहे. उसाची गाडी आली की तिची नोंद, नोंदीवरून नंबर, मग वजन, मग पावती, हे सगळं आमच्या प्रोग्रॅमवर चालायचं. आणि निघणाऱ्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर, कारखान्याच्या नावाखाली ठळक अक्षरांत एक ओळ असायची : चेअरमन : आप्पासाहेब धुमाळे.

ही ओळ एका जागी लिहून सगळीकडून वापरता आली असती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एवढं कळतं. पण सरांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला तेव्हा चेअरमन आप्पासाहेब होते. दुसरा लिहिताना सरांनी पहिल्याची नक्कल करून खालचं तेवढं बदललं, तेव्हाही आप्पासाहेबच. असं करत शेकडो फाइली झाल्या. तालुक्यात पोरं जन्मली, शिकली, लग्नं करून मोकळी झाली, तरी चेअरमन तेच. ते कधी हरतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, त्यामुळे सरांच्या प्रोग्रॅममध्येही आलं नाही.

"सोमवारी मोळी टाकून गाळप सुरू करायचं," सर म्हणाले. "हंगामाच्या पहिल्याच पावतीवर जुनं नाव निघालं तर बाई आपल्याला दारात उभं करणार नाहीत. शहरातली ती दुसरी कंपनी टपूनच बसलीय."

"मग बदलू की."

"बदलू काय? एकेक फाइल उघडायची, नाव शोधायचं, बदलायचं, बंद करायची. कामाला तू, मी आणि..." सरांनी खोलीभर बघितलं. तिसरं कुणी नव्हतं. "तू आणि मी."

मी जन्मजात आळशी. तेच काम दुसऱ्यांदा करायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि माझ्या मते चांगला प्रोग्रॅमर व्हायला एवढं पुरतं.

"सर, मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिते. तो सगळ्या फाइली एकामागून एक उघडेल, जुनं नाव दिसलं की काढेल, नवं घालेल आणि बंद करेल. तोवर आपण चहा पिऊ."

"न बघता?"

"म्हणजे?"

"माणूस बदलतो तेव्हा बघून बदलतो. तुझं ते यंत्र बघणार आहे का? दिसलं की बदललं!"

"तेच तर हवंय आपल्याला."

सर कुरकुरले, पण त्यांनाही शेकडो फाइली उघडायच्या नव्हत्या. आधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली, मग मी प्रोग्रॅम चालवला. बदललेली प्रत्येक ओळ पडद्यावर दिसेल अशी सोय केली होती. चेअरमन : इंदुमती थोरवे, चेअरमन : इंदुमती थोरवे, चेअरमन : इंदुमती थोरवे. पडदा असा पळायला लागला की सरांनी पहिल्या काही ओळी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. मी चहा गाळेपर्यंत काम संपलं होतं.

"झालं?" सर म्हणाले.

"झालं."

"माझी सगळी उमर गेली हे लिहिण्यात," ते म्हणाले आणि चहा घेऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण वाईटच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरवेबाई स्वतःच आमच्या जिन्याने वर आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली बाई. नेसणं चापूनचोपून, आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जाईल असा. मागोमाग त्यांचे यजमान, भाऊ थोरवे. एसटीत ड्रायव्हर होते. जिना चढून आल्यावरही त्यांनी मागे एकदा वळून बघितलं, आरशात बघावं तसं.

सरांनी नमुन्याच्या पावत्या छापून त्यांच्यासमोर ठेवल्या. बाईंनी चष्मा पुसला.

"नाव जरा मोठं नाही का झालं?" असं म्हणून त्यांनी तेच नाव पुन्हा एकदा वाचलं. आवडलं होतं, दिसत होतं. मग त्या एका कागदावर थांबल्या. "आणि ही काय भानगड? उसाच्या बिलातून कपात, इंदुमती थोरवे विद्यालय, इमारत निधी?"

आम्ही दोघं कागदावर वाकलो. कारखान्याची शाळा होती, आप्पासाहेब धुमाळे विद्यालय. माझ्या प्रोग्रॅमला तिथेही आप्पासाहेब दिसले होते आणि त्याने त्यांना काढलं होतं.

"न बघता!" सर माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांचा आदल्या दिवसापासूनचा उतरलेला चेहरा पहिल्यांदा खुलला.

"अहो, मी जिवंत आहे अजून, आणि शाळेला माझं नाव?" बाई म्हणाल्या. "धुमाळ्यांशी माझं भांडण आहे, शाळेशी नाही. ती त्यांनी बांधली. त्यांचंच नाव राहू दे."

मी बाजूला ठेवलेली प्रत परत आणली, माझ्या प्रोग्रॅमला शिकवलं की नावापुढे विद्यालय असेल तर हात लावायचा नाही, आणि बाईंच्या देखत पुन्हा चालवला. शाळा वाचली. बाकी सगळीकडे पुन्हा थोरवेबाई.

"चेअरमनचं नाव छापण्यापुरतंच असतं ना हे?" निघताना बाईंनी विचारलं. "का आत आणखी कुठं असतं?"

"छापण्यापुरतंच, बाई," सर म्हणाले. खोटं बोलत नव्हते, विसरले होते.

"विचारते, कारण मी एकाच शब्दावर मतं घेतलीत. ऊस टाकायला माझीही गाडी रांगेत उभी राहील. पहिल्याच दिवशी तो शब्द मोडला तर माझे जुने विद्यार्थीसुद्धा मला तोंडावर हसतील."

"शब्द हिनं दिलाय," भाऊ मला म्हणाले, "रांगेत मी हुबा ऱ्हाणार."

या शब्दाची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळतो, वाळला की वजन उतरतं, म्हणून कारखान्याच्या तळावर, उसाच्या गाड्या थांबतात तिथे, नंबरासाठी माणसं हमरीतुमरीवर येतात. आप्पासाहेबही दरवर्षी भाषणात सांगायचे, माझी गाडी रांगेतच असते. आणि दरवर्षी त्यांच्याच गाडीला पहिला नंबर मिळायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आमचा डायवर तुक्या पहाटं उठतो. तुमी बी उठत चला." लोक समोर मान डोलवायचे आणि मागे फिदीफिदी हसायचे. बाई निवडून आल्या त्या या हसण्यावरच.

सोमवारी सकाळी कारखान्याचा तळ जत्रेसारखा फुलला होता. आदल्या दिवसापासून गाड्या येऊन लागल्या होत्या. आली की फाटकावर नोंद व्हायची, पण नंबर मोळी पडल्यावरच निघायचे. मी, जांभळे सर आणि नंबर पुकारणारे सर्जेराव असे तिघं वजनकाट्याशेजारच्या केबिनमध्ये बसलो होतो. सर्जेरावांच्या हातात माइक, तळावर चारी कोपऱ्यांत कर्णे.

मांडवात पहिल्या रांगेत आप्पासाहेब होते. हरलेला माणूस येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आले होते, फेटा बांधून, ताठ बसले होते. फक्त कोटाच्या पाठीला उसाचं पाचट चिकटलं होतं आणि ते झटकायला शेजारी कुणी नव्हतं. सत्ता गेलेल्या माणसाच्या पाठीवर काय चिकटलंय हे कुणी सांगत नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि मला त्यांची दया आली.

बाईंनी गव्हाणीत, चरकाकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकली. भोंगा वाजला. बाई माइकवर म्हणाल्या, "आजपासून या तळावर मोठा-छोटा कुणी नाही. जो आधी आला त्याचा आधी नंबर. माझी गाडी तिकडे फाटकाजवळ शेवटाला उभी आहे, बघून घ्या."

लोकांनी माना वळवून बघितलं. भाऊंनी ट्रॅक्टरवरून हात केला. टाळ्या पडल्या. मी बटण दाबलं, यादी निघाली, आणि सर्जेरावांनी सवयीने न बघताच वाचून टाकलं :

"नंबर एक. इंदुमती थोरवे!"

चारी कर्ण्यांतून ते नाव तळावर फिरलं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी शिट्टी मारली.

"लागली बाईंची रांग!"

"शेवटाकडनं मोजायलेत जनू!"

हशा असा उसळला की मांडवाची कनात हलली असावी. तिकडे भाऊंना पोरं ओरडून सांगत होती, घ्या पुढं, तुमचा नंबर आला. भाऊंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली. "म्होरं येवढ्या गाड्या हायत," ते म्हणाले. "मी हिथनं हलायचा न्हाय."

बाई मांडवातून उतरून केबिनकडे यायला लागल्या. त्यांच्या मागोमाग आप्पासाहेबही येत होते. चिडवायला येत असणार, अशी माझी खात्री होती.

"काय केलंस, आस्मा?" सर कुजबुजले.

"तुम्ही सांगितलं ते."

मी बाईंचं नाव टाकून सगळ्या फाइलींत शोध लावला. या वेळी बदलायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं, आणि नंबर काढणाऱ्या फाइलीत ती ओळ सापडली. बाई दारात उभ्या होत्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी साध्या मराठीत वाचून दाखवलं. "सभासदाचं नाव इंदुमती थोरवे असेल तर नंबर एक द्यावा. बाकीच्यांना नोंदीच्या क्रमाने द्यावेत."

"हे कुणी लिहिलं?"

मी सरांकडे बघितलं. सर कीबोर्डकडे बघत होते.

"मी," ते म्हणाले. "पण तेव्हा तिथं आप्पासाहेबांचं नाव होतं."

आता सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे बघितलं. दारात उभ्या आप्पासाहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मी सांगितलं हुतं तुला?"

"नाही, आप्पासाहेब. पहिल्या वर्षी तुमची गाडी मागं राहिली आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत."

"बघितलं?"

"असं बघितलंत." सरांनी बघून दाखवलं.

"आरं, तुझ्या डोक्यावर घड्याळ हुतं! वेळ बघितली असंल मी!"

सर्जेरावांनी वर बघितलं. सरांच्या डोक्यावर अजूनही घड्याळ होतं.

"म्हंजे," आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "तुक्या पहाटं उठत न्हवता."

सर पुन्हा कीबोर्डकडे बघायला लागले.

"येवढी वर्सं मी त्येला दिवाळीला दोन-दोन सदरे शिवतोय! पहाटं उठतो म्हणून!" आणि आप्पासाहेब हसायला लागले. फेटा हातात घेऊन हसत होते. खरं सांगते, तो माणूस नाटक करत नव्हता. वर्षानुवर्षं सगळा तालुका त्यांना हसत होता आणि त्यांना खरोखरच वाटत होतं की तुक्या लवकर उठतो.

"हसू नका, आप्पासाहेब," बाई म्हणाल्या. "बाहेर माझी अब्रू चाललीय."

"मशीन बिघडलं म्हणून सांगू," सर घाईने म्हणाले.

"बिघडलेलं कुठाय? जसं शिकवलं तसं चाललंय ते. आस्मा, ही ओळ काढून टाक आणि नंबर पुन्हा काढ."

ओळ काढायला काहीच लागलं नाही. मी बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. मी कागद फाडून सर्जेरावांना देणार, तेवढ्यात माझं लक्ष पहिल्या नावाकडे गेलं आणि कागद हातातच राहिला.

नंबर एक. आप्पासाहेब धुमाळे.

मला वाटलं जुनी ओळ कुठेतरी शिल्लक राहिली. पुन्हा शोध घेतला, काही नव्हतं. सभासदांची नावं वेगळ्या फाइलीत असतात, तिला मी हातसुद्धा लावला नव्हता. मग फाटकावरची नोंद उघडली. आदल्या दिवशी दुपारी, सगळ्यांच्या आधी, तळावर आलेली पहिली गाडी धुमाळ्यांची होती.

"औंदा मी स्वतः बसलो ट्रॅक्टरवर," आप्पासाहेब म्हणाले. हसू गेलं होतं. "म्हटलं, आता आपलं काय चालायचं न्हाय. नवी पोरं मुद्दाम मागं ढकलत्याल. त्येंच्या आधी जाऊन लागावं. ट्रॉलीखालीच झोपलो."

ते पाचट कुठलं, ते मला आत्ता कळलं.

बाहेरचा गलका वाढला होता. सर बाईंच्या जवळ सरकले. "बाई, जरा विचार करा. तुमच्या पहिल्या दिवशी, पहिला नंबर म्हणून हे नाव कर्ण्यावरून गेलं तर लोक काय म्हणतील? जुनंच राज्य चालू आहे म्हणतील. दुसऱ्या नंबरचा साधा माणूस आहे, त्याला वर घेऊ. आजच्या दिवस. एक नाव तर बदलायचं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बदलता येतं?"

"येतं," मी म्हणाले. "लगेच येतं."

"कुणाला कळेल?"

"या खोलीबाहेर कुणाला नाही."

आप्पासाहेबांनी फेटा डोक्यावर ठेवला आणि खाली फरशीकडे बघत राहिले. एवढा मोठा माणूस, पण नाव वगळलं जाणार हे गृहीत धरून उभा होता, सहलीला न नेलेल्या मुलासारखा. माझी बोटं कीबोर्डवर होती. बाई म्हणाल्या असत्या तर मी बदललं असतं, कारण माझी नोकरी त्याच कागदावर होती. पण त्यांनी म्हणू नये असं मला फार वाटत होतं.

बाईंनी आप्पासाहेबांच्या पाठीवरचं पाचट काढून टाकलं. मग सर्जेरावांच्या हातातला माइक घेतला.

"शांत बसा," त्या म्हणाल्या, आणि तळ शांत बसला. त्यातले निम्मे त्यांच्या शाळेतले होते. "मघाचा पुकारा चुकीचा होता. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, चेअरमनच्या गाडीला पहिला नंबर द्या अशी. आप्पासाहेबांनी ती सांगितलेली नव्हती, मीही सांगितली नाही. खुर्चीबरोबर ती माझ्याकडं आली. आत्ता माझ्यासमोर ती काढलीय. आता जो खरा आधी आला त्याचं नाव ऐका आणि कुणाला शंका असेल त्यानं फाटकावरची नोंद बघून जावी. नंबर एक. आप्पासाहेब धुमाळे."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, हे काही यांच्या गळी उतरत नाही. तेवढ्यात फाटकाकडून हॉर्न वाजला. लांबलचक, घाटातल्या वळणावर एसटीवाले देतात तसा. भाऊ थोरवे शेवटच्या गाडीवर बसून हॉर्नवर हात ठेवून होते. त्यांच्या पुढच्याने वाजवला, मग त्याच्या पुढच्याने, आणि रांगेतून हॉर्न पुढे पुढे येत केबिनपर्यंत पोचला.

आप्पासाहेब बाहेर पडले. तुक्या किल्ली घेऊन धावत आला, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केलं आणि स्वतः ट्रॅक्टरवर चढून गाडी गव्हाणीकडे घेतली. काट्यावर पावती निघाली ती मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न वाचता घडी करून आतल्या खिशात ठेवली. भाऊंचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. बाई त्यांचा डबा घेऊन तळावर आल्या आणि ट्रॉलीच्या सावलीत दोघं जेवली.

सरांची कंपनी टिकली. चेअरमनचं नाव मी त्याच आठवड्यात एका जागी आणून ठेवलं. पुढे मी माझं वेगळं ऑफिस काढलं, गिरणीवर नाही, तळमजल्यावर.

बऱ्याच वर्षांनी आप्पासाहेबांच्या घरून बोलावणं आलं. नातवाचा कॉम्प्युटर बंद पडला होता. आप्पासाहेब खूप थकले होते, पण ओळखलं त्यांनी. दिवाणखान्यात एक भिंतभर फोटो होते, हार घातलेले, सत्कार घेतलेले, मंत्र्यांच्या शेजारचे. त्या सगळ्यांच्या मधोमध एका फ्रेममध्ये एक पिवळी पडलेली काटापावती होती. शाई उडत चालली होती, तरी वाचता येत होतं. नंबर एक, आप्पासाहेब धुमाळे. आणि माथ्यावर ठळक अक्षरांत, चेअरमन : इंदुमती थोरवे.

"बाकीच्या येक नंबरच्या सगळ्या पावत्या बंबात घातल्या," ते म्हणाले. "ही तेवढी ठिवली."

मला चेष्टा करायची हुक्की आली. "आप्पासाहेब, नवी कोरी छापून देऊ? माझा तो नाव बदलायचा प्रोग्रॅम अजून आहे. वर चेअरमन म्हणून तुमचंच नाव घालते."

त्यांनी काठी टेकत उठून फ्रेम खिळ्यावरून काढली, उपरण्याने काच पुसली आणि पुन्हा जागेवर टांगली. वाकडी तर नाही ना, हे मागे सरकून बघितलं.

"हात लावू नगंस, पोरी," ते म्हणाले. "ते नाव वर हाय, म्हणून तर माझा नंबर खरा हाय."